डिझाइन ऑफिसात "नॉलेज मॅनेजर" हे पद: घ्यावं का, आणि घेतलं तर काय मागून घ्यावं? (बडोदा)

प्लिंथलेव्हल

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात एका डिझाइन कन्सल्टन्सीत स्ट्रक्चरलला आहे, बरीच वर्षं झाली. फॅक्टरी शेड, फार्मा प्लांट, अधूनमधून एखादं हॉस्पिटल अशी कामं असतात. आमचे सगळ्यात जुने सर दिवाळीनंतर रिटायर होतायत आणि त्यांच्याबरोबर काय काय जाणार हे वरच्या लोकांच्या आत्ता ध्यानात आलंय, म्हणून "हेड, नॉलेज मॅनेजमेंट" असं नवं पद काढलंय आणि मला विचारलंय.

जॉब डिस्क्रिप्शन वाचलं. सर्व्हर नीट लावणे, पोर्टल बनवणे, लेसन्स लर्न्टचं रजिस्टर ठेवणे, महिन्यातून एक लेक्चर ठेवणे. वाईट काही नाही त्यात, पण मला वाटतं मूळ काम हे नव्हेच. एक उदाहरण देते. वाघोडिया रोडकडे एका कंपनीच्या आवारात नवीन शेड होती, सॉईल रिपोर्ट आला, टीमने आयसोलेटेड फुटिंगवर (प्रत्येक खांबाला सुटा पाया) डिझाइन सुरू केलं, सगळं नियमात. सर सहज टेबलापाशी आले, लेआउट बघितला आणि म्हणाले, ह्या कोपऱ्यात बोअरहोल (माती तपासायचं भोक) का नाही घेतलं, इथे तलावडी होती पूर्वी, भरून घेतलीये. कोणाला माहीत असणार! सर्व्हे भराव झाल्यानंतरचा, त्यात जमीन सपाट. मग तिथे एक जादा बोअर घेतलं तर खाली बराच खोल भरावच निघाला. सरांना का माहीत होतं, तर त्याच आवाराची कंपाउंड वॉल पूर्वी आमच्याच ऑफिसने केली होती. म्हणजे माहिती आमच्याच सर्व्हरवर होती! पण फोल्डर जुन्या मालकाच्या नावाने, मध्ये कंपनी विकली गेली, नाव बदललं, मग शोधणार कसं?

तर प्रश्न असा की ह्या पदावरच्या माणसाने नेमकं करायचं काय? आणि हो म्हणण्याआधी मी काय मागून घेऊ? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी मनमोकळं लिहा.

---

साईटवरचा

ताई मी कॉन्ट्रॅक्टरच्या बाजूचा, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो. तुमच्या लोकांना लेसन्स गोळा करायला फॉर्म वगैरे काढायची गरजच नाही, ते आम्ही तुम्हाला रोज लेखी पाठवतो, त्याला आरएफआय (रिक्वेस्ट फॉर इन्फर्मेशन, साईटवरून विचारलेली शंका) म्हणतात. ते रजिस्टर कोणी वाचतं का? तेवढं वाचा फक्त.

कॉलम-बीमच्या जॉइंटचंच घ्या. २५ एमएमचे बार चारही बाजूंनी येतात, त्यात कॉलमच्या रिंगा, त्यात लॅप (दोन बार एकमेकांना जोडायची जागा) पण तिथेच दिलेला. कागदावर बसतं, साईटवर काँक्रीट बसवायच्या व्हायब्रेटरची ६० एमएमची नीडल आतच जात नाही, ४० ची पण मुश्किलीने. आम्ही आरएफआय टाकतो, तुमच्याकडून उत्तर येतं की लॅप वर घ्या किंवा मिक्समध्ये १० एमएमची खडी वापरा, काम होतं, स्लॅब भरला जातो. आणि पुढच्या प्रोजेक्टला त्याच ऑफिसचं तेच ड्रॉईंग, तोच जॉइंट, तोच आरएफआय. उत्तर देणारा पण कधीकधी तोच माणूस असतो हो. उत्तर ईमेलमध्ये राहिलं, स्टँडर्ड डिटेलमध्ये गेलंच नाही.

माझ्या मते ह्या पदाचं पहिलं काम हे की उत्तर ईमेलमधून उचलायचं आणि डिटेलच्या शीटवर न्यायचं. आमच्या कडियांना पण माहीत असतं कुठल्या ऑफिसच्या ड्रॉईंगला काय त्रास येतो, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच.

---

कलाभवन७८

प्लिंथलेव्हल, विषय चांगला काढलास बेटा. मी आता कामातून निवृत्त आहे पण हा विषय डोक्यातून जात नाही.

आपल्याच गावातलं बघ. लक्ष्मी विलास पॅलेसचं डिझाइन मेजर चार्ल्स मँट ह्यांचं. ते १८८१ मध्ये वारले आणि काम पुढे रॉबर्ट चिझम ह्यांनी नेलं, १८९० मध्ये वाडा पुरा झाला. मँटसाहेबांनी हिशोब चुकल्याची धास्ती घेतली होती वगैरे कथा गावात सांगतात ती सोडून दे. मला त्यात नेहमी चिझमसाहेबांचं नवल वाटतं. दुसऱ्याने मांडलेलं एवढं मोठं काम हाती घ्यायचं आणि ज्याने मांडलं त्याला विचारायची सोय नाही. ड्रॉईंग बघून भिंत किती जाड हे कळतं. ती तेवढी जाड का धरली, कुठे मुद्दाम जास्त घेतलं आणि कुठे फक्त दिसायला घेतलं, हे ड्रॉईंगवर नसतं. आजही नसतं. डिझाइन बेसिस रिपोर्ट त्यासाठीच लिहायचा असतो, पण बहुतेक ठिकाणी तो आधीच्या प्रोजेक्टचा कॉपी-पेस्ट, नाव तेवढं बदललेलं.

हे "का" हरवलं की काय होतं त्याचं जगात सगळ्यात शिकवण्यासारखं उदाहरण म्हणजे अमेरिकेत कॅन्सस सिटीचं हयात रिजन्सी हॉटेल. १७ जुलै १९८१ ला लॉबीतले टांगलेले वॉकवे कोसळले, ११४ माणसं गेली. चौथ्या मजल्याचा वॉकवे आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. मूळ कल्पना अशी की छतापासून एकच अखंड रॉड दोन्ही वॉकवेंमधून खाली जाईल, म्हणजे प्रत्येक वॉकवेचं वजन थेट रॉडवर. पण एवढ्या लांब रॉडला आटे पाडून नट वर चढवत न्यायचा म्हणजे फॅब्रिकेटरला (लोखंडी काम बनवणाऱ्याला) कटकट, म्हणून दोन तुकडे सुचवले: एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, दुसरा चौथ्या मजल्याच्या बीमला अडकवून खाली. दिसायला तेच. पण आता खालच्या वॉकवेचं वजन वरच्या वॉकवेच्या बीमवर आलं आणि तिथल्या नटवरचा भार दुप्पट झाला. फॅब्रिकेटरचं शॉप ड्रॉईंग मंजूर झालं, नवं कॅल्क्युलेशन कोणी केलंच नाही.

रॉड अखंड का आहे हे एका ओळीत ड्रॉईंगवर लिहिलेलं असतं तर बदल करणारा निदान थबकला असता, असं मला अजून वाटतं. तुझ्या पदाचं काम माझ्या मते हे, की ऑफिसातल्या प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाला त्याचं कारण चिकटलेलं राहील असं बघायचं.

---

सर्व्हररूम

ताई, तुमचं बरोबर आहे पण पोर्टल-सर्व्हरला एवढं दुय्यम लेखू नका. तुमच्याच उदाहरणात तलावडीची माहिती होती आणि सापडली नाही, म्हणजे दुखणं लावण्यातच होतं ना. क्लायंटच्या नावाने फोल्डर केला की नाव बदललं की संपलं. जागा बदलत नाही. सर्व्हे नंबर आणि अक्षांश-रेखांश टाकून ठेवला असता तर नवीन टीमने नकाशावर बोट ठेवलं की जुनं कंपाउंड वॉलचं काम दिसलं असतं.

वरच्यांना पटवायला एक मुद्दा घ्या. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम आहे, संस्थेला लागणारं ज्ञान ठरवा, टिकवा आणि लागेल तेव्हा मिळेल असं ठेवा. तुमच्याकडे सर्टिफिकेट असेल तर हे आधीच बंधनकारक आहे, ऑडिटच्या दिवशी फाईल दाखवून भागवतात ते वेगळं. ज्ञान व्यवस्थापनाचं स्वतंत्र स्टँडर्ड पण आहे, आयएसओ ३०४०१, २०१८ चं. आणि बिम (बीआयएम, इमारतीचं डिजिटल मॉडेल) करत असाल तर आयएसओ १९६५० मध्ये फाईलच्या अवस्था ठरलेल्या आहेत, काम चालू, शेअर केलेलं, पब्लिश केलेलं आणि अर्काइव्ह. ही शिस्त नुसत्या मॉडेलला नका लावू, स्टँडर्ड डिटेल आणि एक्सेल शीटला पण लावा.

अजून एक, आता एआयचं सर्च सगळ्यांना हवंय. आमच्याकडे ट्रायल घेतली तर त्याने जुनी, रद्द झालेली डिटेल इतक्या छान भाषेत आणि ठामपणे काढून दिली की नवीन मुलाने तीच लावली असती. मशीनला काय कळणार कुठली मेलेली आणि कुठली जिवंत, फाईलवर लिहिलंच नव्हतं. तर आधी साफसफाई, मग एआय.

---

ड्रॉईंगबोर्ड

मी जरा कडू लिहिणार आहे, राग मानू नका. मी हे पद बंद पडताना पाहिलंय, आधीच्या एका ऑफिसात, बडोद्यातलंच, नाव राहू द्या. चांगला हुशार माणूस नेमला, त्याने पोर्टल बनवलं, पहिल्या महिन्यात सगळ्यांनी लॉगिन केलं, फोटो काढले, आणि मग हळूहळू कोणी फिरकेना. का? कारण टाइमशीटला कोडच नव्हता. माझे तास प्रोजेक्टवर चढले पाहिजेत, नाही चढले तर महिन्याच्या मीटिंगला माझी हजेरी घेतली जाते. मग मी दोन तास बसून रॅफ्टरच्या हॉन्चचा (छताच्या तुळईचा जोडाजवळचा जाड भाग) अनुभव कुठल्या खात्यावर लिहू? प्रोजेक्ट संपला की लेसन्स लर्न्टची मीटिंग लावायचे, तोवर अर्धी टीम दुसऱ्या कामावर गेलेली आणि उरलेले फायनल बिलाच्या मागे.

दुसरी गोष्ट अधिकाराची. पोर्टलवर त्याच हॉन्चची तीन डिटेल होती. तिन्ही स्टँडर्ड! एक एका सिनियरची, एक दुसऱ्याची, एक कोणाची ते माहीत नाही. नॉलेज हेडला माहीत होतं त्यातली एक चुकीची आहे, पण काढायचा अधिकार त्याला नव्हता, प्रत्येक सिनियरला फोन करून विनवण्या करायच्या. शेवटी तिन्ही राहिल्या.

आणि हे नुसतं पसाऱ्याचं दुखणं नाही, ह्यात जोखीम आहे. २००१ च्या भुज भूकंपानंतर आयएस १८९३ ह्या भूकंपाच्या कोडची २००२ ची आवृत्ती आली, भूकंपाचे पाचाचे चार झोन झाले, बेस शिअर (भूकंपाचा पायाशी येणारा आडवा जोर) काढायची पद्धत बदलली. त्यानंतरही कितीतरी वर्षं ऑफिसाऑफिसात १९८४ च्या कोडवर बांधलेली एक्सेल शीट फिरत होती, कारण ती "चालते" आणि बनवणारा नोकरी सोडून गेलेला, आत काय आहे उघडून बघायची कोणाची छाती नाही. २००२ च्या कोडमध्ये बडोदा झोन तीनमध्ये होतं, इथे असं चालत नाही. नंतर २०१६ ला परत बदल झाले, तेव्हाही तेच.

म्हणून ताई, जुनं काढून टाकायचा अधिकार लेखी मिळत असेल तर घ्या. नसेल तर नका घेऊ, तुमच्यासारख्या डिझाइनरला अडगळीची राखणदार करून ठेवतील.

---

काळीमाती

सॉईलवाला आहे म्हणून तलावडीवर बोलल्याशिवाय राहवत नाही. बडोद्याच्या आसपास काळी माती, ओली झाली की फुगते, वाळली की भेगा, आणि विश्वामित्रीच्या बाजूला घळी-कोतरं, कित्येक बुजवून वर प्लॉट पाडलेले. इथे दोनशे फुटांवर माती बदलते. अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेला खांबासारखा पाया) साधारण साडेतीन मीटर खाली न्यायची ती ह्यासाठीच, की वरच्या थराचं ऋतूप्रमाणे फुगणं-आकसणं तिथवर पोचू नये. पण भराव असेल तर हा सगळा हिशोब निराळा.

माझ्या अनुभवात डिझाइन ऑफिसं सॉईल रिपोर्टातला एसबीसीचा (माती किती भार पेलते त्याचा) आकडा तेवढा उचलतात आणि रिपोर्ट बंद. त्यात बोअरिंग कुठल्या महिन्यात केलं ते पण असतं. मे महिन्यात पाणी लागलं नाही म्हणजे ऑगस्टमध्ये लागणार नाही असं नव्हे.

फक्त एक सावधगिरी. सॉईल रिपोर्टचे पैसे क्लायंट देतो, रिपोर्ट त्याचा. तो उचलून दुसऱ्या क्लायंटच्या कामात सरळ वापरता येत नाही, करारात तसं लिहिलेलं असतं. तुम्ही एवढंच नोंदवा की ह्या ठिकाणी भराव मिळाला होता, आत शिरण्याआधी जादा बोअर घ्या. ही सूचना तुमच्या इंजिनियरची, आकडे क्लायंटचे. ही रेघ कुठे ओढायची ते पण नॉलेज हेडनेच ठरवायला हवं, पोराटोरांवर नको.

---

नवीनभरती

मी ज्युनियर आहे त्यामुळे थोडक्यात लिहिते. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकदा विचारलं की क्रेन गर्डरच्या ब्रॅकेटचं आधीचं काम कोणी केलंय का, तर उत्तर आलं "आधी सर्व्हरवर शोध". शोधलं, नावं अशी की फायनल, फायनल दोन, फायनल लेटेस्ट. त्यानंतर ग्रुपवर कधी विचारलं नाही. नंतर चहाच्या टपरीवर कळलं की माझ्या मागच्याच टेबलवरच्या दादांनी असे कितीतरी ब्रॅकेट केलेत.

ताई तुम्ही ते पद घेतलंत तर आम्हाला फाईलच्या आधी माणूस सांगा. कुठल्या विषयाला कोणाकडे जायचं, आणि त्यांना वरून सांगितलेलं असू दे की ज्युनियर आला तर त्याला वेळ द्यायचा, म्हणजे विचारायला भीती वाटणार नाही.

---

पॅनेलरूम

इलेक्ट्रिकलवाला. सगळे स्ट्रक्चरचंच बोलताय म्हणून लिहितो. २०२४ च्या ऑगस्टमधला विश्वामित्रीचा पूर सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर आमच्या डिपार्टमेंटमध्ये ठरून गेलं की नदीच्या पट्ट्यातल्या कामाला मेन पॅनेल आणि डीजी (जनरेटर) बेसमेंटला द्यायचे नाहीत, वर न्यायचे, आणि पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते विचारूनच लेव्हल धरायची. आमच्याकडे हे प्रत्येकाला पाठ. पण आर्किटेक्ट लोकांना कोणी सांगितलंच नाही! पुढच्याच कामात कन्सेप्टमध्ये पॅनेलरूम परत बेसमेंटला, पार्किंगच्या शेजारी. आम्ही ओरडलो तोवर क्लायंटला प्लॅन दाखवून झालेला, ग्राउंड फ्लोअरची भाड्याची जागा जाणार म्हणून क्लायंट ऐकेना. शेवटी ऐकलं, पण किती दिवस त्यात गेले.

धडा शिकलेला होता, नुसता एका डिपार्टमेंटच्या भिंतीआड राहिला. आणि प्रोजेक्ट संपल्यावर ती लेसन्सची मीटिंग घेऊन काय होणार, तो धडा लागतो कन्सेप्टच्या पहिल्या मीटिंगला. तिथे नॉलेज हेडची खुर्ची पाहिजे.

---

प्लिंथलेव्हल

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वाचतेय आणि माझं मत पक्कं होत चाललंय. पोर्टल सांभाळणारा माणूस नेमायचा असेल तर त्यांनी दुसरं कोणी बघावं. मला हे पद हवं असेल तर तीन गोष्टींसकट. ड्रॉईंगबोर्ड म्हणाले तसा जुनी डिटेल आणि शीट रद्द करायचा लेखी अधिकार, त्यात सिनियरची असली तरी. पॅनेलरूम म्हणाले तशी प्रत्येक प्रोजेक्टच्या पहिल्या मीटिंगला जागा. आणि टाइमशीटला कोड, माझ्यासाठी नव्हे, जो कोणी दुसऱ्याला शिकवायला बसेल त्याच्यासाठी. सर्व्हररूम, तुमचं सर्व्हे नंबरचं लगेच सुरू करणार, ते तर पद मिळो न मिळो.

आता अवघड भाग. सर. त्यांच्याकडून काढून कसं घ्यायचं? एचआर म्हणतंय एक्झिट इंटरव्ह्यू घेऊ, व्हिडिओ करू. सर मोजकं बोलणारे, कॅमेरा लावला तर अजूनच गप्प होतील. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तरी का द्यावं? आयुष्यभर कमावलेलं आहे, आणि शेवटच्या दोन महिन्यांत येऊन कोणीतरी म्हणतं, रिकामं करा.

---

कलाभवन७८

तुझा शेवटचा प्रश्न मला लागला, कारण मी त्या खुर्चीत बसलो होतो. मला पण रिटायर होताना म्हणाले, सर तुमचा अनुभव लिहून द्या. कोरा कागद घेऊन काय लिहिणार माणूस? काहीच आठवत नाही. आणि एका प्रोजेक्टचं चालू ड्रॉईंग समोर आलं की सगळं आठवतं. तुझे सर पण तसेच, तलावडी त्यांना लेआउट बघून आठवली ना, इंटरव्ह्यूत विचारलं असतंस तर आठवली असती का?

तेव्हा व्हिडिओ राहू दे. त्यांची जुनी ड्रॉईंग काढ, ज्यात काहीतरी वेगळं केलंय अशी, आणि एकाच गोष्टीवर बोट ठेवून विचार, सर हा पेडेस्टल एवढा उंच का घेतलात. बस. मग बघ कसे बोलतात. बरोबर एक ज्युनियर बसव, लिहून त्याने घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सरांनी वाचून खोडायचं. खोडताना अजून निघतं. आणि चालू कामाचे रिव्ह्यू त्यांच्याकडून जास्तीत जास्त करून घे, रेड पेनने मारलेल्या त्या शीट स्कॅन करून ठेव, टाकू नका. त्या रेड मार्किंगमध्ये जेवढं असतं तेवढं कुठल्या रजिस्टरमध्ये नसतं.

का द्यावं म्हणशील तर, अगं कोणी खरं विचारायला आलं की देववतंच. रिकामं करा म्हणून आलं की नाही देववत. रिटायर झाल्यावरही महिन्यातून एकदोन दिवस मानधनावर बोलवायचं बघ, डायरेक्टरांच्या कानावर घाल, तो खर्च काहीच नाही.

---

साईटवरचा

काकांशी सहमत. आणि सरांना साईटवर पण न्या एकदोनदा, ज्युनियरसकट. टेबलावर न आठवणारं साईटवर आठवतं. गाडी आम्ही पाठवू.

---

ड्रॉईंगबोर्ड

ताई, तीन अटी बरोबर आहेत, पण एक विचारतो, रिपोर्टिंग कोणाला? एचआर किंवा आयटीच्या खाली टाकलं तर अधिकार लेखी असला तरी सिनियर लोक जुमानणार नाहीत. टेक्निकल डायरेक्टरच्या खाली थेट मागा. आणि डिझाइन अगदी सोडू नका, थोडा वेळ तरी प्रोजेक्टवर राहा, नाहीतर दोन वर्षांत तुमचं म्हणणं कोणी ऐकणार नाही.

---

प्लिंथलेव्हल

रिपोर्टिंगचं लक्षातच आलं नव्हतं, ही चौथी अट झाली. सोमवारी मीटिंग आहे, चारही लिहूनच नेते. काका, कालच सरांचं एक जुनं ड्रॉईंग घेऊन गेले, एका शेडला ब्रेसिंगचं बे मधोमध का घेतलं नाही एवढंच विचारलं. जेवायची सुट्टी कधी संपली कळलं नाही. नवीनभरती, पुढच्या वेळी तुमच्यासारखीच एक ज्युनियर सोबत बसणार आहे, तिला सांगून ठेवलंय.

काळीमाती, जागांच्या नोंदीचा तक्ता आजच बनवायला घेतलाय. सर्व्हे नंबर, अक्षांश-रेखांश, आमचा जॉब नंबर, आणि "इथे काय सापडलं" एवढं ठेवलंय. अजून काय हवं?

---

काळीमाती

बोअरिंगचा महिना आणि वर्ष. पाणी लागलं की नाही, हो किंवा नाही एवढंच. भराव होता का, आणि असेल तर ते बोअरमधून कळलं की गावातल्या कोणी सांगितलं, कारण दोन्हींचा भरवसा वेगळा. आणि शेवटच्या कॉलममध्ये नोंद करणाऱ्याचं नाव आणि शेवटचं तपासलं कधी ते. एसबीसीचा आकडा मात्र टाकू नका, टाकलात तर पुढचा तोच उचलून डिझाइन करून मोकळा होईल आणि बोअर घ्यायचं टाळेल. तक्ता तयार झाला की इथे टाका, बघून देतो.